रविवारच्या आधी

"वाकळ आणि रंग", असं शहनाजनं
ब्राह्मणपुरीतल्या शाळेच्या फळ्यावर आत्ताच लिहून ठेवलंय,
खाली माझं नाव, नावापुढं मॅडम.
मॅडम म्हणे!
चाळीस बायका येणार, दोन तास बोलायचंय,
आणि मला येतं तेवढं सांगायला
चहा गार व्हायचासुद्धा वेळ लागत नाही.

तीन दिवस गाठोडी सोडून बसलेय.
लक्ष्मी मार्केटातल्या शिंप्यांकडच्या चिंध्या,
ब्लाउजपिसांचे कोपरे, परकराचे घेर,
मोरपंखी, आमसुली, गुलबक्षी, चिंतामणी,
एक हिरवा, त्याला मी बेदाण्याचा म्हणते,
एक पिवळा, हळदीच्या अड्ड्यावरनं
घरी परतलेल्या माणसाच्या बनियनचा.

लाल तेवढा बाजूला काढला.
नव्या लालचा भरवसा नसतो,
पहिल्याच धुण्यात शेजारणीला डागाळतो.
मीठ घालून बादलीत बुडवलाय.
एक पाणी गुलाबी, दुसरं पाणी गुलाबी.

वहीत लिहिलं :
भांडणाऱ्या दोन रंगांमध्ये एक करडा बसवावा.
पुढं काय लिहावं सुचेना,
म्हणून करडा शब्दाखाली दोनदा रेघ मारली.

संध्याकाळी भूपाल आला. धाकटा दीर.
स्टेशनरोडला त्याचं झेरॉक्सचं दुकान.
वीस वर्षांमागं रेल्वेत लागणार होता,
लेखी पास, धावणं पास,
मग डॉक्टरनं ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक उघडलं,
ह्यात आकडा कुठला, म्हणाला.
ह्याला नुसतेच ठिपके दिसले.
घरात तेव्हापासून कुणी त्याला
रंगाचं काही विचारत नाही.
साडी कशी आहे, असंसुद्धा नाही.

तो मांडी घालून बसला
आणि माझी मांडणी बघत राहिला.
"वहिनी, ह्या दोन्ही चिंध्या सारख्याच हायत की."
एक डाळिंबी होती. एक बेदाण्याची.
मी हसणार होते,
तेवढ्यात लाइट गेली.

खिडकीतनं उरलासुरला उजेड आला,
आणि खरंच,
डाळिंबी कुठली, हिरवी कुठली, मला कळेना.
तीन दिवस मी एकमेकींसमोर उभ्या केलेल्या दोघी
अंधारात एकाच तोंडवळ्याच्या निघाल्या.

"तूच लाव," म्हटलं.
त्यानं लावल्या. भराभर, पत्ते पिसल्यासारख्या.
आमसुलीच्या कडेला लिंबू,
मोरपंखीला चिकटून मळका मोतिया,
जिथं मला करडा लागायचा
तिथं त्यानं काहीच ठेवलं नाही,
नुसता एक फिकट तुकडा आणि एक गडद.
लाइट आली तेव्हा
फरशीवरची वाकळ
पाठ सरळ करून बसली होती.
काही रंग मी जन्मात शेजारी लावले नसते.
तरी बसली होती.

सकाळी तीच मांडणी त्यानं दुकानात नेली,
टाचण्या लावून काचेवर पालथी घातली,
चाळीस प्रती काढल्या. पैसे घेतले नाहीत,
कागदाचे तेवढे दे, म्हणाला, आणि तेही विसरला.
कागदावर रंग नाही. काळं, धुरकट, पांढरं.
तरी नक्षी जागच्या जागी.
रंगांच्या वर्गाला वाटायला
बिनरंगाचे चाळीस कागद!
शहनाज काय म्हणेल कोण जाणे.

आता पिशवी भरतेय.
कागद, कात्री, सुया, दोरा, खडू,
वही राहू दे घरीच.
भूपालला म्हटलंय, तू पण ये.
"बायकांत मी काय करू?" म्हणाला,
पण किती वाजता ते विचारून घेतलं.

जाता जाता तो मोरीपाशी थांबला होता.
सवयीनं बोलून गेले,
"बघ रे, पाणी नितळ झालं का?"
आणि जीभ चावली.
तो वाकला. बादली जरा उजेडाकडं ओढली.
"तळाचा कोच अजून नीट दिसत नाही," म्हणाला.
"एक पाणी आणखी घाला."